उशाशी काय आहे?

(वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून लिहून काढलं आहे.)

अध्यक्ष महाराज, कार्यकारिणीतली मंडळी, आणि एवढ्या पावसात निथळत्या छत्र्या दाराशी ठेवून आत येऊन बसलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिला आहे, 'गावच्या वाचनालयाची ग्रंथखरेदी'. त्यावर मी बोलणार आहेच. पण खरेदीकडे जायच्या आधी एक गोष्ट मांडायची आहे. ती कित्येक वर्षं माझ्या डोक्यात घोळते आहे, आणि ऐकायला असे तयार कान रोज मिळत नाहीत.

आधी एक प्रश्न. तुमचं आवडतं पुस्तक कोणतं? मोठ्याने सांगा, लाजू नका.

'ययाति'. बरं. 'मृत्युंजय'. 'श्यामची आई'. आणि मागून पुन्हा एकदा 'ययाति'.

'ययाति' येणारच. खांडेकर १९२० साली इथे शिरोड्याला शिक्षक म्हणून आले ते १९३८ पर्यंत राहिले. ह्या पट्ट्यात अशी घरं आहेत जिथे अजून सांगतात, आमच्या आजोबांना भाऊसाहेबांनी शिकवलं. मराठीला पहिलं ज्ञानपीठ १९७४ साली मिळालं ते 'ययाति'साठी. तेव्हा ते नाव ओठांवर येतं, आणि यावंच.

आता दुसरा प्रश्न. सध्या उशाशी काय आहे? आणि कितव्या पानावर आहात?

बघा, आता कसे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्या काकी हसतायत, म्हणजे त्यांच्याकडे काहीतरी आहे. सांगा ना काकी. काय? दिवाळी अंक? गेल्या दिवाळीचा! जुलै महिन्यात! वा, हेच मला हवं होतं.

ह्यावर दोन मिनिटं बोलू द्या. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही रीत पडली. मुंबई-पुण्याला दिवाळी अंक दिवाळीत वाचतात. आपल्याकडे तो शिमग्याला येतो. मुंबईच्या घरी वाचून झाला की चाकरमानी शिमग्याला येताना गठ्ठा बांधून आणतात, नाहीतर मे महिन्यात आणतात. मग एक अंक पाच घरं फिरतो, मुखपृष्ठ गळतं, शब्दकोडं कोणीतरी पेनाने सोडवलेलं असतं, भविष्याचं पान तर कधीच फाडून नेलेलं असतं. आणि ऐन पावसात लाईट गेली की बॅटरीच्या उजेडात त्यातली कथा वाचली जाते. काकी, तुम्ही जे वाचताय ते नऊ महिन्यांचा प्रवास करून तुमच्या उशाशी आलंय. कुठली कथा चालू आहे ते नंतर मला नक्की सांगा.

तर, दोन प्रश्न विचारले. पहिल्याला उत्तरं पटापट आली आणि सगळी एका ठशाची आली. दुसऱ्याला वेळ लागला, पण एक उत्तर आलं आणि तुमच्यातले चारजण काकींकडे वळून बसले. हा फरक माझ्या लक्षात यायला मला वाचनालयात पंधरा वर्षं काढावी लागली. 'आवडतं पुस्तक कोणतं' असं विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा सावरून बसतो. मोठं नाव घेतो. ते खोटं नसतं, त्याने ते वाचलेलंही असतं, पण वीस वर्षांपूर्वी. 'सध्या काय' म्हटलं की त्याला आजचं सांगावं लागतं. पानाचा आकडा विचारला की तर पळायला जागाच नसते. आणि आजचं जे असतं ते गरम असतं, त्याला वाफ असते. ऐकणाऱ्यालाही भूक लागते.

हे मला ज्यांनी शिकवलं त्यांची हकीकत सांगते. नाव घेत नाही, आपण नुसतं आबा म्हणू.

मी आधी दुसऱ्या गावच्या वाचनालयात होते. कुठल्या ते सांगायचं कारण नाही. समुद्राला लागून वाडी, वाडीच्या टोकाला वाचनालय, कौलारू, एका बाजूला पडवी. आबा रापणीवरचे. रापण तुम्हाला सांगायला नको. दोन्ही टोकांना माणसं उभी राहून किनाऱ्यावरून जाळं ओढायचं, त्यातले हे एक. हाताच्या बोटांना दोराचे कायमचे वळ. पाऊस लागला, समुद्र खवळला, की रापण बंद. यांत्रिक होड्यांना तर १ जून ते ३१ जुलै बंदीच असते. मग नारळी पुनवेपर्यंत जाळी शिवणं आणि बाकी वेळ रिकामा. आबा त्या दिवसांत वाचायचे. दर चौथ्या दिवशी येणार, ओला इरला म्हणा किंवा प्लॅस्टिकची खोळ म्हणा, पडवीत टांगणार, पाय पुसणार, हात सदऱ्याला पुसणार आणि सरळ डावीकडच्या तिसऱ्या फळीपाशी जाणार.

त्या फळीवर होत्या रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांच्या. तरुण मुलांना नाव माहीत नसेल, पण ह्या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, ही नावं घेतली की आता समोर बसलेल्यातली काही डोकी हललीच! एकेक पुस्तक लहान, खिशात मावेल एवढं. वाचनालयाने चार-चार पुस्तकं एकत्र बांधून घेतली होती, वर खाकी पुठ्ठा आणि शाईने आकडा.

आबांची पुस्तकं परत आली की मला उघडण्याआधी कळायचं. पानांना सुक्या मासळीचा वास, कोपऱ्यावर खोबरेल तेलाचा डाग. आणि आत खूण म्हणून माशाचा खवला. तांबोशीचा खवला पाहिलाय ना, अंगठ्याच्या नखाएवढा, सुकला की पारदर्शक, उजेडात धरला तर वर्तुळावर वर्तुळं दिसतात. आबा तो धुऊन, सुकवून पानात ठेवायचे. मी सुरुवातीला काढून टाकायचे. मग एकदा सहज उजेडात धरला आणि तेव्हापासून टाकवेना. टेबलाच्या खणात काड्यापेटीत जमवत गेले. पंचवीस-तीस तरी झाले असतील.

एकदा मी त्यांना म्हटलं, आबा, हे पुस्तक तुम्ही गेल्या पावसात नेलं होतं, त्याच्या आदल्या पावसातही नेलं होतं. नोंद आहे माझ्याकडे. तर म्हणाले, "खुनी कोण ता माका म्हायत आसा. तो गावता कसो, ता परत बघूचा आसा."

मी ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम केला आहे. पुनर्वाचनाबद्दल मला कुणी एवढ्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

आता जे सांगते ते सांगताना मला अजूनही बरं वाटत नाही. एका वर्षी तपासणी येणार म्हणून कार्यकारिणीची बैठक झाली. वाचनालयाचा दर्जा वाढवून घ्यायचा होता. तो हेतू चांगलाच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ठरलं काय, तर तपासायला येणाऱ्यांच्या नजरेत भरतील अशी पुस्तकं दर्शनी ठेवायची आणि 'हलकी' पुस्तकं काढून टाकायची. तिसरी फळी अख्खी काढायची. पुस्तकं जीर्ण आहेत असं दाखवून निर्लेखन करायचं, म्हणजे नोंदीतून कमी करायची. मी म्हटलं, जीर्ण आहेत कारण ती वाचली जातात. तारखेच्या चिठ्ठ्या बघा, एकावर एक तीन-तीन चिकटवल्या आहेत. तर एकजण म्हणाले, बाई, आपण वाचनालय चालवतो, करमणुकीचं दुकान नाही.

ते वाक्य मी विसरलेले नाही. करमणूक हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा काही तो एखादा डाग आहे. अहो, दिवसभर दोर ओढून ज्याची बोटं सोलतात त्याने संध्याकाळी मन रमवायला एक पुस्तक उघडलं, तर ह्याहून वाचनालयाला दुसरं हवंय काय?

पण मी पुढे बोलले नाही. दाखल नोंदवहीत एकेका आकड्यासमोर 'निर्लेखित' असा शिक्का मी मारला. माझ्या हाताने मारला. ती चूक माझी आहे, ती मी कुणावर ढकलत नाही. दोन पोती भरली आणि रद्दीवाल्याकडे गेली. तिसऱ्या फळीच्या जागी काचेचं कपाट आलं, त्याला कुलूप. आत चरित्रग्रंथांचा जाडजूड संच, सोनेरी अक्षरांचा.

जूनमध्ये आबा आले. खोळ टांगली, पाय पुसले, हात पुसले, आणि कपाटासमोर जाऊन उभे राहिले. काचेत त्यांना त्यांचाच चेहरा दिसत असणार. मग वळून म्हणाले, "हय होती ती बुका खंय गेली?"

मी म्हटलं, जुनी झाली होती आबा. ते काही बोलले नाहीत. खोळ अंगावर घेतली आणि गेले. त्या पावसात पुन्हा आले नाहीत.

पुढे ऑगस्टमध्ये आठवडा बाजारात मी शेंगदाणे घेतले. पुडीचा कागद उलगडला, तर कोपऱ्यात आपला गोल शिक्का. वाचनालयाचा. मी तशीच त्या दुकानात गेले. विचारलं, हा कागद कुठून आला? त्याने मागे बोट दाखवलं. अर्धं पोतं शिल्लक होतं. तिथेच खाली बसून मी निवडायला लागले. बरीच फाडलेली होती, काहींचे पुठ्ठे तेवढे उरले होते. त्यातून धड म्हणावीत अशी तेवीस पुस्तकं मिळाली. वजनावर पैसे दिले आणि रिक्षात घालून सरळ आबांच्या घरी गेले.

आबा पडवीत जाळं शिवत बसले होते. मी पिशवी पुढे ठेवली. त्यांनी एक पुस्तक काढलं, नाकाशी धरलं, पहिलं पान बघितलं आणि थेट मागून उघडलं. शेवटची सोळा पानं गेलेली. दोऱ्यातून अख्खा फॉर्मच निसटला होता. मला वाटलं, आता ते मिटून ठेवतील. तर म्हणाले, "शेवट नाय हेका. पण माका म्हायत आसा. बस, सांगतंय."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. शेवट सांगायचा तर मधलं सांगायला हवं, मधलं सांगायचं तर सुरुवात हवी. हातातली सुई थांबली नव्हती. पाऊस धो धो. आधी त्यांची सून चहा घेऊन आली ती दारातच टेकली. शेजारची दोन मुलं आली. मग होडीवाला एक तरुण पाऊस टाळायला पडवीत शिरला तो तिथेच उकिडवा बसला. आबा थांबले की कोणीतरी म्हणायचं, "आणि मगे?" मी घड्याळ बघितलं नाही, पण निघाले तेव्हा दिवेलागण झाली होती.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडलं तर तो होडीवाला दारात. तसलं पुस्तक हवं म्हणाला. पाठोपाठ ती दोन मुलं. त्या तिघांनी ह्याआधी वाचनालयाची पायरी चढलेली नव्हती. तरुणाने अनामत भरली ती ओल्या नोटांनी. मी त्या वहीत चपट्या करून ठेवल्या.

ह्यात माझी जी काही कल्पना आहे ती सगळी आली. त्या तिघांना कोणी वाचनाचं महत्त्व सांगितलं नव्हतं. यादी दिली नव्हती. एका माणसाने आपल्याला सध्या काय वाचताना मजा येते ते सांगितलं, एवढंच घडलं. आपण १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन करतो, मुलांकडून भाषणं करवून घेतो. मी जाते तिथे, आनंदाने जाते. पण मुलांना मी सांगते, भाषण राहू दे, दप्तरात आत्ता गोष्टीचं काय आहे ते काढून दाखव. मागे एका मुलाने 'किशोर'चा अंक काढला, आत घडी घालून ठेवलेलं चिंचेचं बोटूक होतं. त्याच्या भोवती जी गर्दी झाली ती चिंचेसाठी झाली हे मला कळतं, पण अंकही त्या दिवशी आठ हातांतून गेला.

तर मी वही ठेवली. साधी दोनशे पानी, काउंटरवर, दोऱ्याने पेन बांधलेलं. नाव दिलं 'चालू वही'. तीन रकाने. पुस्तक कुठलं, कितव्या पानावर, आणि काय वाटतंय ते एका ओळीत. नियम दोनच. पुस्तक संपायच्या आत लिहायचं. आणि दुसऱ्याच्या पुस्तकाला हसायचं नाही. स्वतःचं नाव लिहायची सक्ती नाही.

त्या वहीतल्या काही नोंदी सांगते, कारण त्यासाठीच मी आले आहे असं मला मनातून वाटतं.

एक गृहस्थ दशावतारात राजापार्ट करायचे. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू, मग वैशाखापर्यंत रोज एका गावात दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, रात्रभर उभं राहायचं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी बोलायचे. त्यामुळे ही माणसं पावसाळ्यात साठा भरतात. 'पांडवप्रताप', 'हरिविजय', 'रामविजय' ह्या श्रीधरांच्या पोथ्या त्यांच्या घरात असतातच. 'पांडवप्रताप'चे ६४ अध्याय ह्या गृहस्थांना असे पाठ होते की मधलं कुठलंही टोक पकडून पुढे न्यायचे. ते एकदा 'मृत्युंजय' घेऊन गेले. १९६७ सालची कादंबरी, तुम्ही वाचलीच असेल. त्यात कर्ण स्वतः बोलतो, तसेच कुंती, दुर्योधन, वृषाली, कृष्णही आपापल्या तोंडाने बोलतात. आणि शोणही, कर्णाचा धाकटा भाऊ. त्यांनी चालू वहीत लिहिलं, "शोणाकडे आलंय. दशावतारात कर्णाचो भाव कधी बोलाकच नाय." पानाचा आकडा लिहायचे राहिले, पण मी ते चालवून घेतलं. पुढच्या जत्रेला त्यांचा कर्ण बघायला मी मुद्दाम गेले. मध्यरात्र उलटून गेली होती, थंडी होती. रथाचं चाक रुतायच्या आधी कर्णाने मागे वळून धाकट्या भावाला हाक मारली. त्या आख्यानात मी ती हाक आधी कधीच ऐकली नव्हती. पुस्तक वाचून एक माणूस काय करू शकतो ते मी खाज्याची पुडी हातात धरून, घोंगडीवर बसून बघितलं.

दुसरी नोंद एका वयनींची. पुस्तक 'रुचिरा'. कमलाबाई ओगल्यांचं, १९७० सालचं, घराघरातलं. पान लिहिलं होतं, आणि शेरा, "बारा माणसांचा अंदाज वाचला." मला कळेना. विचारलं तर म्हणाल्या, करायचं नसतं गो काही, मी एकटीच तर आहे. मुलं मुंबईत, हे गेले. रात्री झोप येईना की वाट्या-चमच्यांची मापं वाचते. एवढं पीठ, एवढं तेल, एवढं खोबरं. वाचता वाचता घर भरतं.

आनंदासाठी वाचणं म्हणजे काय ह्याच्या व्याख्या खूप आहेत. मी त्या वयनींपुढे कुठली ठेवू?

तिसरी, प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका. तिने पानाच्या रकान्यात लिहिलं 'भाग ८७'. मोबाईलवर भागाभागाने येणारी कथा वाचत होती, रात्रपाळीत. घाबरत विचारलं, हे चालेल ना? न चालायला काय झालं! आमच्या वेळच्या मासिकांतल्या 'क्रमशः' कादंबऱ्यांसाठी आम्ही पोस्टमनची वाट बघायचो, ती मोबाईलच्या टुंग आवाजाची बघते. त्या कथेबद्दल ती इतकं रसरसून बोलली की मी तिला आपल्या आरवलीच्या जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' काढून दिलं. म्हटलं, हेही आपल्याच भागातलं, ह्यातली माणसं तुला बाजारात भेटतील. पुढच्या आठवड्यात तिची नोंद आली, आणि त्याखाली दुसऱ्याच अक्षरात, "मलाही हवं, परत आलं की ठेवा." त्या पुस्तकाला त्या वर्षी पुठ्ठा दोनदा बदलावा लागला.

पुठ्ठ्यावरून आठवलं. पावसाळ्यात पुस्तकं सांभाळणं हा आपल्याकडे वेगळाच विषय आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात खारी हवा. पुस्तक फुगतं, बांधणीची खळ आंबते, खळीला कसर लागते, भिंतीकडून वाळवी येते. डांबरगोळ्या ठेवून भागत नाही. माझा अनुभव असा की जे पुस्तक लोकांच्या हातात फिरतं त्याला वाळवी लागत नाही. ते उघडलं जातं, त्याला वारा लागतो, कोणाच्या तरी चुलीच्या वरच्या फळीवर ते रात्र काढतं. काचेच्या कपाटातला तो सोनेरी संच चौथ्या पावसात मी उघडला, तेव्हा पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. आणि वस्तीच्या गाडीने जाणारी मंडळी घड्याळ बघतायत, ते दिसतंय मला. तेव्हा आता फळ्यावरचा विषय.

ग्रंथखरेदी. १९६७ सालच्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपली वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत येतात. वर्ग ठरताना पुस्तकं किती, नियतकालिकं किती, सभासद किती हे मोजतात, आणि त्यावर अनुदान. मोजायला काहीतरी हवंच, त्यामुळे त्याला माझा विरोध नाही. पण मोजणीपुरती खरेदी झाली की काय होतं? मार्चअखेर जवळ येते, पैसे खर्ची पडायला हवेत, विक्रेता गठ्ठा घेऊन येतो, सवलत भरपूर असते, आणि आपण शीर्षकं न वाचता बिलावर सही करतो. मीही केली आहे. त्या गठ्ठ्यातली निम्मी पुस्तकं एकदाही कोणी नेत नाही. तारखेची चिठ्ठी कोरी ती कोरीच.

माझ्या सूचना अशा. एक, वर्षाच्या खरेदीतला चौथा हिस्सा चालू वहीसाठी राखून ठेवा. वहीत जे मागितलं गेलंय ते आधी घ्या, मग ते अर्नाळकर असोत, पाककृती असो, नाहीतर मुलांची चित्रकथा. शासनमान्य यादी आहे, कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून वाचनालयांना पुस्तकं देतं आहे. गंभीर, संदर्भाची पुस्तकं त्या वाटेने येत राहतील. ती हवीतच, त्याबद्दल गैरसमज नको. दोन, जे पुस्तक सतत बाहेर असतं त्याची दुसरी प्रत घ्या. आपण नव्या नावांच्या मागे असतो, कारण आकडा वाढतो. पण वाट बघून कंटाळलेला वाचक परत येत नाही. तीन, खरेदी समितीत एक जागा अशा वाचकाची ठेवा जो दर आठवड्याला पुस्तक बदलतो. त्याला भाषण येत नसेल तरी चालेल.

चार, निर्लेखन. ह्यावर मी दीड मिनिट घेणार. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं, पाण्यात गेलं. पुराने पुस्तकं नेली तर आपण हळहळतो, मदतीला धावतो. आणि शिक्का मारून आपल्याच हाताने पोत्यात घालतो तेव्हा ठराव मंजूर होतो. म्हणून, कुठलंही पुस्तक काढण्याआधी तारखेची चिठ्ठी बघा. यादी महिनाभर दारात लावा, बाजाराच्या दिवशी लावा, पाऊस धरून लावा, म्हणजे दर्यावरचा माणूसही घरी असेल. ज्याला हवं त्याने हात वर करावा. ते पुस्तक राहील, नाहीतर त्याच्या घरी जाईल. रद्दीवाला सगळ्यांत शेवटी.

पाचवी सूचना नियतकालिकांची होती, ती लेखी देते.

कोणीतरी विचारतंय, आबांचं पुढे काय झालं. ते पुढच्या जूनला आले. कपाट तिथेच होतं, पण त्याच्या शेजारी मी एक फळी ठोकून घेतली होती, स्वतःच्या पैशाने, आणि त्यावर ती तेवीस पुस्तकं मांडली होती. दाखल नोंदवहीत त्यांना आकडा नव्हता, म्हणून ती चालू वहीवर द्यायचे. त्यांनी एक निवडलं. मी पेन पुढे केलं. लिहायची सवय नव्हती, तर म्हणाले तू लिही. पुस्तक लिहिलं. पान? त्यांनी पुस्तक उघडलं, गेल्या खेपेचा खवला आतच होता, तो बघितला आणि म्हणाले, एकोणचाळीस.

माझ्या उशाशी सध्या श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' आहे, दुसरा खंड, पान दोनशे अकरा. तिथे अडकले आहे, दोन रात्री पुढे सरकलेले नाही, कारण पुढे काय होणार ते मला माहीत आहे आणि ते व्हायला नको आहे.

वही ह्या टेबलावर आहे. नवी आहे, पहिलं पान कोरं आहे, पेन बांधलेलं आहे. वस्तीच्या गाडीचे लोक आधी या. काकी, तुमचा दिवाळी अंक पहिल्या ओळीत हवा. बाकीच्यांनी रांग लावा, आणि पानाचा आकडा विसरू नका.